सगळं हिरवं
भैरवगढच्या कोऱ्या छापील चादरीच्या रंगाचा वास आला की मला फ्रीगंज बाजारातलं आमचं छोटं ऑफिस आठवतं, कारण तिथली माझी सीनियर ताई तिचा लॅपटॉप तसल्याच कापडात गुंडाळून आणायची. जुन्या फायली पुसून टाकणारी एक कमांड आम्ही बनवत होतो. ती नीट चालते का हे तपासणाऱ्या टेस्ट ताई साध्या वाक्यांत लिहायची: फोल्डरमध्ये जुन्या फायली असताना कमांड चालवली, तर एकही उरू नये. टेस्ट चालायच्या कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एका बंद डब्यात, त्यामुळे बाहेरच्या फायलींना धोका नसायचा. त्या दुपारी नमुन्याच्या फायली बनवायचा कंटाळा आला म्हणून ताईने स्वतःचंच एक जुनं फोल्डर डब्याला जोडलं. "अरे यार, आत कॉपीच जाते ना," ती म्हणाली. पण जोडलं गेलं होतं ते खरं फोल्डरच. कूलरच्या घरघरीत पडद्यावर पास झालेलं एकेक वाक्य हिरवं होत गेलं आणि मी ओरडलो, "वा ताई, सगळं पास!" तिने फोल्डर उघडून पाहिलं, तर ते रिकामं. तिच्या गेलेल्या आईच्या आवाजाची रेकॉर्डिंगं त्यात होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. ती हळूच म्हणाली, "टेस्ट तर बरोबरच चालली रे." आजही पडद्यावर सगळं हिरवं झालं तरी मला 'वा' म्हणवत नाही.