निवायच्या आत

काचमास्तरांनी माझा पहिला वाडगा माझ्या डोळ्यांदेखत हातोड्याने फोडला. एक तुकडा उडून माझ्या पायात घुसला, भळाभळा रक्त आलं. मास्तरांनी फडकं फेकलं आणि म्हणाले, "अहो बाई, याला वाडगा म्हणतात? गालगुंड झालंय त्याला. पाय पुसा आणि दुसरा फुंका."

मी तेव्हा चाळिशीची, नारायण पेठेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. मास्तरांनी उभी हयात प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या फुंकण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर खडकीला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी भट्टी घातली आणि फुलदाण्या, मासे, पक्षी करू लागले. बुडबुडा दिसला की फोड. कड वाकडी झाली की फोड. शेजारी विचारायचे, इथे कला चालते की मारामारी? दोन्ही चालायचं! शिकायला आलेल्या एका इंजिनिअरने काच फुंकायची तापलेली लोखंडी नळी तशीच जमिनीवर टाकली, तर मास्तरांनी त्याची गचांडी धरून त्याला रस्त्यावर ढकललं.

कुणी बोललंच तर ते व्हेनिसची गोष्ट काढत. "तिथले कारागीर काचेचं गुपित घेऊन पळाले, की सरकार मागे मारेकरी धाडायचं. माझ्याकडे नुसता हातोडा आहे. नशीब समजा!"

सगळ्यात कडक नियम पेटीचा. गरम काचेला एकदम गार हवा लागली की ती तडकते, म्हणून तयार वस्तू गरम पेटीत ठेवून दोन दिवस हळूहळू निववायची. "मधे पेटी उघडलीत तर हात मोडीन," असं ते म्हणत. आणि मोडला असता, देवाशपथ.

तिसऱ्या वर्षी मी एक निळी सुरई फुंकली. मास्तर शेजारी उभे होते, पण हातोड्याला त्यांनी हात लावला नाही. मी ती पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले, तर पेटी उघडी आणि सुरई मास्तरांच्या हातात! जाड मोजे घालून ते तिला खिडकीपाशी धरून बघत होते. चक्क हसत होते.

"राहवलं नाही हो, बाई. ही मान बघा, मला कधी अशी..."

सुरई त्यांच्या तोंडासमोर फुटली.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझी साडी रक्ताने चिंब. आणि हा माणूस ओरडत होता, "तुमची सुरई घालवली मी!" उजवा डोळा गेला.

चार महिन्यांनी त्यांनी पुन्हा नळी हातात घेतली. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येईना. दोन दिवसांनी पेटीतून पेला निघाला, तो एका अंगाला कललेला. "कसा झालाय?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं.

"फार सुंदर," मी म्हणाले.

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. पुढच्या क्षणी पेला माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळला. "दया करता माझ्यावर? चालत्या व्हा!" मी रडले, पाया पडले. त्यांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

पाच वर्षं दर दसऱ्याला मी सोनं घेऊन गेले. दार उघडलं नाही. मग मास्तरच गेले.

मला अजून त्यांचा राग येतो. ती दया नव्हती हो, मास्तर, माया होती. एवढं ओळखायला एक डोळा पुरे होता.