मधल्या ओट्याची लाइन

गावात त्याला सगळे टेस्टर म्हणत. खिशाला टेस्टर नाही असा तो कुणी पाहिलाच नव्हता. लोक थट्टा करत, हा झोपायच्या आधी उशीलाही टेस्टर लावून बघतो, करंट आहे का. चाळीस वर्षं वायरिंग करत त्यानं लोकांच्या घरात उजेड नेला. त्याच दोन हातांवर धाकटे भाऊ वाढवले, एकाला टेलर केलं, दुसऱ्याला बसवर ड्रायव्हर, आणि दोघांची लग्नं लावून दिली. स्वतःचं राहून गेलं. का, असं कुणी विचारलं तर म्हणे, "वायरीसाठी भिंतीत झिऱ्या मारता मारता वय कुठं गेलं, कळलंच नाही."

घर एक, स्वयंपाकघरही एक. पण टेलरची बायको, थोरली, तिची शेगडी उत्तरेच्या भिंतीला आणि ड्रायव्हरची बायको, धाकटी, तिची दक्षिणेच्या. पाच वर्षांपूर्वी मिक्सरवरून शब्दाला शब्द लागला आणि विजेची दोन मीटर आली. उत्तरेची भिंत एकाची, दक्षिणेची दुसऱ्याची. दोन्ही मीटर टेस्टरनंच बसवली, मान खाली घालून. तेव्हापासून दोघींच्यात विस्तव जात नव्हता. रोज सकाळी दोघी पाठीला पाठ करून रांधत. टेस्टर दाराशी पाट घेऊन बसे. एक दिवस हिच्याकडचं ताट, एक दिवस तिच्याकडचं. घास घेताना समोर दोन पाठी दिसत. शेगडीजवळ उभ्या असलेल्या माणसाची पाठ इतकी कडक असू शकते, हे त्याला त्या घरानं शिकवलं.

मग फरशीखाली पाणी मुरलं, लाद्या हलायला लागल्या आणि सगळी जमीन उकरायची वेळ आली. एवढंच निमित्त टेस्टरला पुरलं. एका नव्या बंगल्यात त्यानं खोलीच्या मधोमध बांधलेला ओटा पाहिला होता. चारी बाजूंनी मोकळा, दोन्हीकडून उभं राहता येणारा. असा ओटा झाला तर या दोघी समोरासमोर येतील. रोज तोंड पाहावं लागलं की माणूस कधीतरी बोलतंच, मीठ तरी मागतं. नाही बोलल्या तर हे घर फुटणार, हे त्याला दिसत होतं. ते आपल्या डोळ्यांदेखत होऊ नये, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं.

नवल म्हणजे दोघीही हो म्हणाल्या. टेस्टरनं उकरलेल्या जमिनीवर खडूनं ओटा आखला. भिंतीला अजून गिलावा चढायचा, त्यावर लादी, म्हणून ते दोन इंच सोडून मापं घेतली. मधल्या ओट्याला भिंत नसते, त्याची वायर जमिनीतूनच वर येते. पाइप एकदा लादीखाली गेला की तो हलत नाही. म्हणून त्यानं दोन दोनदा मोजलं. मग सगळ्यांना बोलावलं.

"इथून पाइप वर येईल. हिच्या बाजूला दोन सॉकेट, तिच्या बाजूला दोन. बोला, मिक्सर कुठं ठेवणार?"

"माझ्या बाजूची वायर माझ्या भिंतीतून येणार ना, दादा?" थोरलीनं विचारलं.

"आणि माझी माझ्या भिंतीतून," धाकटी लगेच म्हणाली. "उगाच कुणाचा भार माझ्या मीटरवर नको."

"कुणाचा म्हणजे कुणाचा गं?"

"ज्याचं त्याला कळतं."

टेस्टर खडू हातात घेऊन तसाच उभा राहिला. "एका ओट्यात दोन मीटरची लाइन घालत नसतात."

"का?" ड्रायव्हर म्हणाला. "पाइप दोन टाकायचे. त्यात काय एवढं?"

"तू गाडीला दोन स्टिअरिंग लावतोस का?" टेस्टर खाली बसला. "माझे उस्ताद कसे गेले, सांगितलंय ना तुम्हाला? दोन भागीदारांचं दुकान, विजेची एकच पेटी, त्यात दोघांची लाइन. उस्तादांनी एक मेन बंद केला आणि पेटीत हात घातला. दुसरा चालू होता. मी शिडी धरून उभा होतो. उद्या कुणी हिचं बटण बंद करून ओट्यातलं सॉकेट उघडील, आणि तिच्या वायरीत जीव असेल."

टेस्टरला वाटलं, पटलं. तो हळूच म्हणाला, "छतावरच्या माझ्या खोलीचं जुनं मीटर आहे. त्यावरून एकच लाइन आणतो. ना हिची, ना तिची."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. टेलर बोटाला गुंडाळलेला दोरा नखानं सोडवत राहिला, तेव्हा तीच बोलली.

"दादा, राग मानू नका. आज ते मीटर तुमचं आहे. तुमच्यामागं कुणाचं?"

टेस्टरनं खडू खाली ठेवला.

"दुसरा वायरमन बघू," ड्रायव्हर पुटपुटला.

"बघ," टेस्टर म्हणाला. "तो दोन लाइनी घालूनही देईल. मग ज्या दिवशी कुणी वायरीला चिकटेल, त्या दिवशी मला बोलावू नका."

"मग ओटाच नको," थोरली म्हणाली. "त्या खडूच्या रेघेवर भिंत घाला. एकदाचा निकाल लागू दे."

"बरोबर बोलल्या जाऊबाई," धाकटी म्हणाली.

पाच वर्षांत एकीनं दुसरीला बरोबर म्हटलं ते याच गोष्टीत.

भिंत गवंड्यानं घातली, पाइप टेस्टरनं टाकले, ज्याचे त्याच्या बाजूला. कुठल्याही कामात एक पाइप जास्तीचा टाकायची त्याची जुनी रीत होती. आत ओढतार घालून ठेवायची, पुढं कुणाला वायर ओढायची झाली तर. इथंही त्यानं भिंतीच्या पायातून एक रिकामा पाइप आरपार टाकला.

"हा कशाला, मिस्त्री?" गवंड्यानं विचारलं.

"असू दे."

"पलीकडे नेऊन जोडायचं काय?"

"असू दे म्हटलं ना."

महिनाभरानं काम उरकून दोन्हीकडे शेगड्या पेटल्या, त्याच सकाळी थोरलीनं त्याला हाक मारली. "दादा, त्या भोकातून पलीकडचं सगळं ऐकू येतं. म्हणजे आमचंही तिकडं जात असणार. झुरळंही येतील. बुजवा बाई ते."

टेस्टर ओलं सिमेंट घेऊन गुडघ्यावर बसला. आधी ओढतार काढायला गेला, पण ती अर्ध्यातच अडली. तो उठला, बाहेरून वळसा घालून धाकटीकडे गेला. तिच्या बाजूचं तोंड नुकतंच बंद केलेलं होतं. एक जुनं फडकं पिळा घालून इतकं घट्ट ठोसलं होतं की पक्कडीलाही दाद देईना. धाकटी भाजी चिरत होती. तिनं पाहिलं आणि खाली बघून चिरत राहिली.

तो परत इकडे आला. तार तोंडाशी कापली, सिमेंट भरलं आणि अंगठ्यानं दाबून सपाट केलं. चांगलं काम झालं. वरून रंग दिला असता तर तिथं काही होतं, हे कुणाला कळलंही नसतं.

हात धुऊन तो नेहमीच्या वेळेला पाट घेऊन बसला. पण बसायचं कुठं? आता दारं दोन होती. त्यानं पाट दोन दारांच्या मधे, पडवीत ठेवला. आज ताट कुणाकडचं, ते त्याच्या लक्षात होतं. पण आपणहून सांगायचं नाही, हा त्याचा स्वभाव. उत्तरेकडे भांडी वाजली, थांबली. दक्षिणेकडे नळ सुरू झाला, बंद झाला. थोरलीला वाटलं असेल, आज पाळी धाकटीची. धाकटीला वाटलं असेल, थोरलीची. मधे भिंत होती, विचारणार कोण?

ताट कुणाकडूनच आलं नाही. मग टेस्टरनं पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला, तांब्यातलं पाणी प्यायला आणि खिशातला टेस्टर चाचपून कामावर निघून गेला.