भाचीला उचलण्यासाठी दुधीचा रस

मी शाळेत व्यायाम शिकवतो आणि माझं वजन ब्याण्णव किलो आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना पटवत आलोय. शिट्टी वाजवायला पोट आड येत नाही. "खाली वाका! अंगठे पकडा!" असं मी खुर्चीत बसून ओरडतो आणि शंभर पोरं-पोरी एकदम वाकतात. (सर, करून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. शिट्टी माझ्याकडे असते!)

सगळं सुखात चाललं होतं, आणि पूजाचं लग्न ठरलं.

पूजा म्हणजे माझ्या मंगलताईची एकुलती एक लेक. ताईला दिलंय दापोऱ्याला, घरची केळीची बाग आहे. आमच्याकडे नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. नुसतं हात धरून नाही हं! गौरीहरापासून उचलायचं आणि थेट अंतरपाटापुढच्या पाटावर नेऊन उभं करायचं. पूजा पाच वर्षांची असताना तिच्या बाहुलीच्या लग्नात मी तिला असंच अंगणभर मिरवलं होतं आणि म्हणालो होतो, "तुझ्याही लग्नात अशीच नेईन." तेव्हा ती सोळा किलोची होती आणि मी पासष्ट. पुढे दोघांचीही तब्येत सुधारली, माझी जरा जास्तच.

साखरपुड्याच्या पंगतीत मी मावा जिलेबी तिसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा दाजींनी, म्हणजे पूजाच्या वडिलांनी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, भाचीला तुम्ही उचलणार, की तुम्हालाच उचलायला माणसं सांगून ठेवू?"

अख्खी पंगत खिदळली. दाजी आणखी चेकाळले. "नाहीतर आपला सुभाष आहेच!"

सुभाष माझा चुलतभाऊ. अंगावर मूठभर मांस नाही, पण दापोऱ्यालाच ताईच्या बागेत दिवसभर केळीचे घड खांद्यावर टाकून ट्रक भरतो. तो बिचारा साधेपणाने म्हणाला, "टेन्शन नका घेऊ भाऊ. मी उचलतो ना!" त्याच्या या चांगुलपणाने तर माझं डोकंच फिरलं.

पूजा म्हणाली, "मामाच उचलतील. मला लहानपणी कबूल केलंय त्यांनी. सुभाषमामा, राग मानू नका, पण दुसऱ्या कोणाच्या हातून मी येणार नाही."

पोरीने माझ्यासाठी भर पंगतीत वाद घातला आणि माझ्या घशात आवंढा आला. (जिलेबीही होतीच.) मी ताट बाजूला सारलं आणि गरजलो, "शब्द आहे माझा! दीड महिन्यात दहा किलो उतरवून दाखवतो!"

घरी आल्यावर माझी हिंदी शाळेत शिकणारी लेक श्रुती मोबाइल घेऊन आली. "पापा, ये देखो! सिर्फ ज्यूस पीके आदमी आधा हो गया!" मोबाइलवरचा माणूस आपली जुनी पँट पुढे ताणून आत किती जागा उरली ते दाखवत होता. मला ते फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी मी नवा मिक्सर, चार दुधी आणि पालकाच्या आठ जुड्या घेऊन आलो आणि जाहीर केलं की आजपासून या घरात मी पोळी, भात, डाळ, भाजी यांपैकी कशालाही तोंड लावणार नाही.

"अहो, पण पोटाला आधार नको का काही?" बायको, म्हणजे सुनंदा, म्हणाली. "रसासोबत निदान वाटीभर मूग तरी घ्या."

"सुनंदा, तुला यातलं कळत नाही. व्यायामशिक्षक कोण आहे या घरात?"

तिने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडून दिला.

आई खाटेवरून बघत होती. "काय पिऊ राहिला रे हे? हिरवं हिरवं?"

"दुधी, पालक, काकडी, आलं."

"काहून? म्हशीला देतो आपण असं!"

पहिले तीन दिवस झकास गेले. तीन दिवसांत अडीच किलो उतरलं! त्या भरात मी शिंप्याकडे गेलो. ताईने मामाच्या आहेराचं कापड आधीच धाडलं होतं, जोधपुरी कोट आणि पँटचं. मास्टरजींनी टेप काढली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि अदबीने विचारलं, "सर, नाप आज का लूँ, के शादी के दिन का?"

"शादी के दिन का!" मी पोट आत ओढून म्हणालो. "पूरे चार इंच कम करो. और सुनो, अंदर एक्स्ट्रा कपडा बिलकुल मत छोडना. मुझे वापस नहीं आना है!"

हे वाक्य मला त्या वेळी फार बाणेदार वाटलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात जगच बदललं. शाळेच्या वाटेवर हलवायाची कढई दिसली की माझे पाय आपोआप हळू पडायचे. मैदानावर शिट्टी फुंकली तर नुसतीच फुस्स हवा. पोरं धावायची थांबतच नव्हती, त्यांना वाटलं सरांनी थांबू नका असंच सांगितलंय! स्टाफरूममध्ये कोणी डबा उघडला की मी बाहेर जाऊन उभा राहायचो आणि दारातून वास घ्यायचो. रात्री स्वप्नात मला वरणभात दिसायचा, वरून तुपाची धार पडत असायची आणि मी खायच्या आत श्रुती उठवायची, "पापा, ज्यूस!"

पण वजन उतरत होतं. सत्याऐंशी! म्हटलं, आता उचलायचा सराव करावा. पूजाच्या वजनाचं माणूस घरात कोण? मी सुनंदाकडे पाहिलं.

"वजन विचारलंत तर याद राखा," ती म्हणाली.

"विचारत नाही. तू फक्त नवरी हो."

"दुसऱ्यांदा? तेही तुमचीच? देवा!"

पण झाली बिचारी. स्वयंपाकघराचं दार म्हणजे गौरीहर, दिवाण म्हणजे पाट. आईने हौसेने अक्षता म्हणून मूठभर तांदूळ घेतले. मी वाकलो, सुनंदाला उचललं, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि डोळ्यांपुढे एकदम पालकाचा रंग पसरला. पुढचं मला आठवत नाही. सुनंदा दिवाणावर सुखरूप पडली आणि मी तिच्या पायाशी. आईने घाबरून हातातले तांदूळ माझ्यावरच टाकले.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, जीभ बघितली आणि विचारलं, "सर, तुम्हाला वजन कमी करायचंय, की माणूसच कमी करायचाय?"

"पण रसात तर सगळी जीवनसत्त्वं असतात ना?"

"थोडीफार असतात. पण चोथा फेकता, डाळ नाही, दही नाही, अंडं नाही, मग अंगात बळ कुठून येणार? तुमची चरबी कमी आणि ताकद जास्त उतरलीय. एक ग्लास रस खुशाल घ्या, पण जेवणासोबत. फळं चावून खा. पोळी एखादी कमी करा, रोज चाला, आणि महिन्याला दोनेक किलो उतरलं तरी देवाचे आभार माना."

एवढा सोपा सल्ला! पण मी शब्द दिला होता दहा किलोंचा. घरी आल्यावर मी जाहीर केलं, "ज्यूस बंद होणार नाही!" सुनंदा काही बोलली नाही. आईही बोलली नाही. श्रुतीसुद्धा गप्प. तिथेच मला संशय यायला हवा होता.

कारण दुसऱ्या दिवसापासून रस एकाएकी चवदार लागायला लागला! दाट, गोडसर, खाली थोडा रवाळ. मला वाटलं, आता जिभेला सवय झाली. मी एकाचे दोन ग्लास केले, दोनाचे चार केले. शिट्टीला आवाज आला. आठवड्याभरात मी गव्हाचं पोतं उचलून ओट्यावर ठेवलं. स्टाफरूममध्ये डब्यांसमोर मी निर्धास्त बसू लागलो आणि वर सगळ्यांना भाषण ठोकायचो, "मनावर ताबा पाहिजे, ताबा! मी बघा, नुसत्या दुधीवर आहे!"

मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर चढलो तर शहाण्णव. काटा बिघडला होता, हे उघडच होतं. मी मेडिकलवाल्याला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दुकानातला काटाही बिघडलेला निघाला.

लग्नाला तीन दिवस उरले असताना सकाळी मिक्सर घर्रर्र करून अडकला आणि जळका वास सुटला. मी "अरे, काय झालं?" म्हणेपर्यंत तिघीही स्वयंपाकघरात धावल्या आणि तिघी एकदम बोलल्या.

"माझंच चुकलं, मी आज बदाम जास्त घातले!" सुनंदा.

"नाही मम्मी, मेरी वजह से! केळी मी टाकली, आणि दाण्याचं कूट!" श्रुती.

"गपा गं दोघी. डिंकाचा लाडू मी टाकला. आन् दराबा," आई शांतपणे म्हणाली.

दराबा! रवा, तूप आणि साखर फेटफेटून केलेलं आमच्या गावचं पक्वान्न! एक चमचा खाल्लं तर दुपारची भूक मरते. ते मी रोज चार वेळा पीत होतो! ताई दापोऱ्याहून दर आठवड्याला पाठवायची ते केळीचे घड कुठे संपतात, तेही आता कळलं. गंमत म्हणजे तिघींना एकमेकींचं ठाऊकच नव्हतं. जिला तिला वाटत होतं, या माणसाला मीच एकटी जगवतेय!

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदाचे डोळे भरून आले. "ओरडा खुशाल. त्या दिवशी तुम्ही पायाशी पडलात ना, माझा जीव गेला होता. मला नाही पाहिजे बारीक नवरा. आहे तो राहू द्या."

मग काय ओरडणार? मला स्वतःचीच लाज वाटली. मी मिक्सरमध्ये अडकलेला लाडू काढला आणि खाल्ला.

संध्याकाळी कोट आला. हात गेले, बाकीचा मी बाहेरच राहिलो. धावत मास्टरजींकडे गेलो. त्यांनी शिवण उलटी करून दाखवली. "सर, गुंजाइश ही नहीं है. आप ही बोले थे, वापस नहीं आना है."

लग्नाच्या दिवशी दापोऱ्याला मला त्या कपड्यांत तिघींनी मिळून भरलं. श्वास अर्धाच घ्यायचा, असं ठरलं. मांडवात मंगलाष्टकांची तयारी झाली, दाजी सुभाषला माझ्या मागेच उभं करून मिशीत हसत होते, आणि भटजींनी पुकारलं, "मामांनी मुलीला आणावं!"

मी गौरीहराजवळ गेलो. पिवळ्या साडीतली पूजा वर बघत होती, पाच वर्षांची असताना बघायची तशीच. "जमेल ना मामा?" तिने हळूच विचारलं.

"सावधान!" मी म्हणालो आणि उचललं.

अहो, उचलली! फुलासारखी उचलली! दराब्याची ताकद होती ती, गंमत नाही! पहिल्या पावलाला कोट पाठीवर टर्रकन फाटला. दुसऱ्या पावलाला एक बटण उडून वाजंत्रीवाल्याच्या ताशावर जाऊन वाजलं. मी थांबलो नाही. आणि अगदी पाटापाशी पोचता पोचता, तिसरा, लांबलचक आवाज झाला, तो पँटचा होता. मागे एकदम वारं लागलं.

"मुलीला पाटावर उभं करा," भटजी म्हणाले.

मी तसाच उभा. उभं करायचं म्हणजे वाकावं लागणार, आणि वाकलो तर जे काही शिल्लक होतं तेही जाणार!

"मामा, ठेवा ना," पूजा कुजबुजली.

"नाही ठेवत."

मग ताईला हुंदका फुटला. "सोडवत नाहीये गं त्याला पोरीला!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नवरदेवाची आईसुद्धा रडायला लागली. आणि ज्यांनी माझी भर पंगतीत टर उडवली होती ते दाजी पुढे आले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गदगदून म्हणाले, "मास्तर, मला माफ करा. तुमच्यासारखा मामा होणे नाही!" रडू तर मलाही येत होतं. निम्मं पूजासाठी, निम्मं वाऱ्यामुळे.

एवढ्यात मागून सुभाषचा आवाज आला, अगदी हळू. "भाऊ, वाका बिनधास्त. मी आहे." त्याने मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीचं एक भलंमोठं पान ओढून काढलं होतं आणि ते माझ्या पाठीमागे, वरपासून खालपर्यंत, आडोशासारखं धरून तो गंभीर चेहऱ्याने उभा होता. मी वाकलो. पूजा पाटावर उभी राहिली. सुभाष आणि मी मग तसेच, त्याच चालीने, मांडवाबाहेर गेलो. लोकांना वाटलं, ही मामाकडची काहीतरी जुनी रीत असणार.

त्यानंतर मी डॉक्टरांचं ऐकलं. आता एकच ग्लास रस, जेवणासोबत, आणि मिक्सरला मी स्वतःच हात लावतो. वजन हळूहळू उतरतंय. शाळेत मात्र अजून "खाली वाका! अंगठे पकडा!" असं खुर्चीतूनच ओरडतो. मध्यंतरी एका चिमुरडीने विचारलंच, "सर, तुम्ही एकदा करून दाखवा ना!" मी म्हटलं, "दाखवतो बाळ, पण आधी दापोऱ्याहून सुभाषकाकांना येऊ दे!"