नीलिमाताईंचे दहापैकी दहा

अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमन गावात, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या नीलिमाताई त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना वर्गाची किळस आली. मिरजेच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या, तर त्या अकरा वर्षांना कोणी हिंग लावून विचारेना. मग तीन वर्षं डच घोटलं आणि अ‍ॅमस्टरडॅमला होगस्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात, नाव घातलं. मराठी मंडळात लोक म्हणाले, "छान, टाइमपास होईल." त्या लोकांचीही मला शिसारी येते, पण ते जाऊ दे.

सकाळी आम्ही दोघी एकाच मेट्रोने जायचो. मी ऑफिसला, त्या कॉलेजला. स्टेशन येईपर्यंत गाऱ्हाणी चालत. शिकवणाऱ्या बाईंना पोरं सरळ मार्लीस म्हणून हाक मारतात. त्या वर्गात आल्या तरी कोणी उठत नाही. ताई पहिल्या दिवशी उठल्या, तर पोरांना वाटलं बाहेर निघाल्यात. आणि त्यांच्या गटातला तो एकोणीस वर्षांचा बास! बुटांसकट पाय समोरच्या खुर्चीवर, पाव थेट बाकावर ठेवलेला, आणि लोणी लागलेल्या त्याच बोटांनी ताईंची वही चाळायची. ताई घरी येऊन वहीचं कव्हर पुसायच्या.

खरी गोष्ट पुढे झाली. बास, फ्लूर नावाची मुलगी आणि ताई अशा तिघांनी मिळून शाळेतल्या मुलांसाठी चार धडे बसवायचे होते. शेवटी तिघांनी एका फॉर्मवर एकमेकांना आणि स्वतःलाही दहापैकी गुण द्यायचे, प्रत्येक गुणामागे कारण लिहायचं. पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट जमले नाहीत तर उन्हाळ्यात कॉलेज नारळ देतं. पुन्हा प्रवेश नाही. ताईंचे काठावर होते, या कामाचे मिळाले तरच त्या राहणार होत्या.

ताईंनी चारही धडे एकटीने लिहिले. फ्लूरने पाठवलेला धडा ताईंनी नीट न वाचताच बाजूला ठेवला. बासने एक चित्र पाठवलं. गुणांचं काय करू, असं ताईंनी मला मेट्रोत विचारलं. मी म्हटलं, "द्या सगळ्यांना दहा. कशाला कोणाशी वाईटपणा घ्यायचा? तेही तुम्हाला देतील."

त्यांनी दिले. पोरांनी ताईंना पाच दिले. वर तोंडावर सांगितलं, शांतपणे, पाव खात, की तू आम्हाला काही करूच देत नाहीस. बासने स्वतःला चार दिले होते आणि 'मी जवळजवळ काही केलं नाही' असं लिहून टाकलं होतं. त्याचा फॉर्म पास झाला. ताईंचा परत आला.

त्या दिवशी परतीच्या मेट्रोत ताई भडकलेल्या होत्या. कृतघ्न कार्टी, असं दोनदा म्हणाल्या. मीही साथ दिली. या लोकांना माणुसकी नाही, वगैरे. मग त्यांनी फॉर्म परत कसा आला ते सांगितलं. तो हातात देताना मार्लीसबाईंनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, की ज्या मुलाला वाचता येत नाही त्यालाही तू दहा देणार का?

"मी दिलेत, वैदेही," त्या म्हणाल्या. "दरवर्षी."

मिरजेला तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळेच्या हातात असत. परीक्षा न घेताच सगळ्या वर्गाला वीसपैकी वीस. निकाल चांगला लागे, पालक खूश, हेडमास्तर खूश. आर्या नावाच्या मुलीला एक परिच्छेद धड वाचता येत नव्हता. तिचे वडील पेढे घेऊन घरी आले होते. अकरावीला सगळं इंग्रजीतून सुरू झालं आणि ती दिवाळीच्या आत घरी बसली. ताईंना ते तेव्हाही कळलं होतं.

"बासच्या बोटांची किळस येत होती मला," त्या म्हणाल्या. "ते पेढे मी मिटक्या मारत खाल्ले."

फॉर्म पुन्हा भरायला चार दिवस होते. रविवारी दुपारी त्या तो घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. बासला तीन, फ्लूरला सहा, स्वतःला चार. प्रत्येक गुणाखाली बारीक अक्षरात डच मजकूर होता, दोन पानं भरून. उद्या सकाळी द्यायचा होता. त्या म्हणाल्या, नीट वाच आणि कुठे कमी पडतं ते सांग, यावर माझं सगळं वर्ष आहे.

मी चहा ठेवला होता. पहिलं पान वरवर पाहिलं, दुसरं उलटलं. बाई बिचारी इतकी दमलेली, चूक काढायचं माझ्या जिवावर आलं.

"मस्त झालंय, ताई. काही बदलू नका."

त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतले. "तू वाचलंच नाहीस," त्या म्हणाल्या, आणि चहा न घेता निघून गेल्या.