पुतळाबाईचा पहिला भाव

वेसाव्याच्या भिकाजीने उभ्या आयुष्यात कधी मासळी विकली नव्हती. मासळी पुरुषांनी धरायची आणि बायकांनी विकायची, ही कोळीवाड्याची वहिवाट. चाळीस वर्षं तो समुद्रावर गेला, पण आपली बायको पुतळाबाई अंधेरीच्या बाजारात कशी बसते, गिऱ्हाइकाशी काय बोलते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. यंदा पावसाळ्याची बंदी उठली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, तेव्हा मुलगी कल्पिता त्याला म्हणाली, "बाबा, आये आज बाजाराला निघालीय. तिला एकटी नको सोडू. तू बस जवळ."

म्हणून तो कोळणींच्या टेम्पोत अंग चोरून बसला आणि गेला.

मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली होती. त्यांचा धाकटा कृणाल तिथे होता. तो तिरंग्यात गुंडाळून घरी आला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

कृणाल लहानपणापासून अचाट. खाडी पोहून मढच्या किनाऱ्याला लागायचा आणि आईचा मार खायला हसत परत यायचा. शाळा सुटली की बाजारात आईजवळ जाऊन बसायचा, पण धंद्यात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एकदा पुतळाबाई चहाला उठली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि या शहाण्याने सुरमईचा खरा भाव सांगून टाकला. तिने आल्या आल्या त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, खरा भाव पहिल्यांदा सांगतात काय? मग ती बाई भांडनार कशावर?"

मोठा झाल्यावर त्याने फौजेचं नाव काढलं. कोळ्याचा पोर, नेव्हीतच जाणार, असं सगळे धरून चालले होते. हा निघाला पायदळात. "पाणी जन्मल्यापासून बघतोय, बाबा. जरा डोंगर बघून येतो." पहिल्या भरतीत छाती कमी भरली. मग वर्षभर ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावला आणि दुसऱ्या खेपेला निवडला गेला. सुट्टीवर यायचा तेव्हा थंडीने त्याचे गाल काळे पडलेले असायचे, आणि पुतळाबाई खोबरेल तेल चोळत त्या डोंगरांना शिव्या घालायची. त्याचा फोन आला की भिकाजीला काय बोलावं ते सुचत नसे. "बरा हायस ना? हां. घे, आयेशी बोल," एवढंच.

पार्थिवाबरोबर आलेल्या साहेबाने सांगितलं, तोफा चालू असताना कृणालने एका जखमी सोबत्याला खांद्यावर टाकून खाली आणलं. दुसरा वरच राहिला होता, म्हणून तो पुन्हा चढला. जा असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. भिकाजी ऐकत राहिला. तो स्वतः आभाळ जरा काळवंडलं की होडी वळवणारा माणूस. आपल्या घरात हे कुठून आलं, त्याला उमगेना. त्या दिवशी वेसाव्याची एकही होडी पाण्यात गेली नाही, आणि अंत्ययात्रेचं शेवटचं टोक त्याला दिसलंच नाही.

आता बाजाराच्या तोंडाशी कृणालचा मोठा फोटो लावला होता. पुतळाबाईने तिकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि आपल्या जागेवर बसली. फळीवर पापलेटं मांडली, पाणी मारलं. पहिलं गिऱ्हाईक आलं.

"जोडी कशी दिली?"

"चौदाशे."

बाईने फोटोकडे पाहिलं, पुतळाबाईकडे पाहिलं, मुकाट्याने चौदाशे दिले आणि वाकून नमस्कार केला. दुसरीने तेच केलं. तिसऱ्याने तर तिला 'वीरमाता' म्हटलं. कालपर्यंत तिला सगळे मावशी म्हणायचे. ऊन चढायच्या आत फळी रिकामी झाली.

भिकाजीला वाटलं, लोक किती चांगले! टेम्पोत तो तसं म्हणालाही. पुतळाबाईने तोंड फिरवून बाहेर बघितलं.

पुढचे काही दिवस असंच चाललं. घरीही तिचा आवाज बंद झाला. जी बाई भांडं घासताना भांड्याशी भांडायची, ती आता भिंतीला टेकून बसू लागली. पोरगा गेला, आता ही पण हातची जाते की काय, या भीतीने भिकाजीला घास गिळवेना.

शेवटी त्याने विचारलं, "मासळी तर हातोहात जातेय. मग काय होतंय तुला?"

"तुमाला नाय कळायचं," ती म्हणाली. मग स्वतःच बोलली, "पयला भाव खोटा असतो. मना ठाव असतं, गिऱ्हाइकाला ठाव असतं. मी चौदाशे बोलायचं, तिने नऊशे बोलायचं, भांडून हजारावर यायचं. आता ती चौदाशे देऊन पाया पडते. वरचे चारशे कसले? पोराच्या नावाचे! मी कोळीन हाय, भिकारीन नाय."

भिकाजीने चाळीस वर्षं मासे आणून दिले, पण विकायचा हा असा धर्म असतो, हे त्याला आज कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने गिऱ्हाईक आल्या आल्या खरा भाव सांगायला सुरुवात केली. जोडी हजार. पण बाजारात हल्ली पैसे मोबाइलवरून येतात आणि फळीखालची ती छोटी पेटी आलेली रक्कम मोठ्याने बोलून दाखवते. "एक हजार रुपये मिळाले," असं पेटी ओरडली की अख्ख्या रांगेला ऐकू जायचं. मग गिऱ्हाइकं शेजारच्या रत्नप्रभेला म्हणायची, "तिथे हजार, तुझ्याकडे तेराशे कसे?" रत्नप्रभेचा माल पडून राहू लागला.

रत्नप्रभा ही बाजारातली सगळ्यात तिखट जिभेची बाई. तीही आता पुतळाबाईसमोर हात चोळत उभी राहिली. "पुतळाबाई, आपलं म्हणजे... भावाचं जरा... राहू दे, तुमाला काय बोलायचं."

"तुमाला?" पुतळाबाईने मान वर केली. "रत्ने, मी तुजा धंदा मारते आणि तू मना तुमी बोलतंस? शिव्या दे ना!"

"कशा देऊ गो?" रत्नप्रभेचे डोळे भरले. ती वळून गेली.

पुतळाबाई फळीकडे बघत बसली. भिकाजीला वाटलं, आता ही उठणार, पाटी पालथी घालणार आणि पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही.

तेवढ्यात सामंतबाई आल्या. बाजारामागच्या इमारतीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. पुतळाबाईच्या तोंडून भिकाजीने हे नाव जेवताना शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी पुढे एक शिवी असायची. दहा रुपयांसाठी अर्धा तास घालवणारी बाई.

"जोडी कशी?" सामंतबाईंनी हळूच विचारलं.

पुतळाबाईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "सोळाशे."

सोळाशे! भिकाजीसुद्धा दचकला. सामंतबाईंनी ओठ आवळले आणि पर्स उघडली.

पुतळाबाईने पापलेटांवर हात ठेवला. "ठेव ती पर्स. भाव कर."

"नको गं मावशी. आता तुझ्याशी कसला भाव..."

"माजा कृणाल जल्मायच्या आधीपासून तू माज्याशी भांडतंस. तो पोटात होता तवा पन तू पाच रुपये सोडले नव्हतेस. आता काय झालं? तो गेला, मी नाय गेले. मी इथं बसलीय. भाव कर!"

सामंतबाई रडू लागल्या. आजूबाजूच्या फळ्यांवरचे कोयते थांबले.

"रडू नको. रडून पापलेट स्वस्त होत नाय."

सामंतबाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं. "सातशे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सातशे? पापलेट हाय का मांदेली?"

"कालची वाटतात. डोळे बघ कसे आत गेलेत."

"माज्या पापलेटाचे डोळे? तुजा चष्मा बदल आधी! पंधराशे."

"आठशे. आणि साफ करून."

"साफ करून, तळून, भरवायला पन येऊ काय तुज्या घरी?"

पुतळाबाईचा आवाज चढत गेला, पार बाजाराच्या पत्र्याला जाऊन भिडला. हा आवाज भिकाजीने होडीवरून ऐकला असता तर वादळ उठलं असं समजून तो माघारी फिरला असता. त्या आवाजात पोरगा गेल्याचं दुःख होतंच. ते कुठे जाणार होतं? पण ते पायाखाली दाबून ती त्याच्यावर ताठ उभी राहिली होती. पलीकडून रत्नप्रभा ओरडली, "अगो सामंतबाय, इकडं ये! ती म्हातारी लुटतेय तुला!"

"तुज्या तोंडात खेकडा घालीन, रत्ने!" पुतळाबाई गरजली, आणि सगळी रांग हसली.

सौदा हजारावर पटला. सामंतबाईंनी पैसे देताना फळीच्या कोपऱ्यातल्या चार कोळंब्या वर उचलल्या. पुतळाबाईने त्यांच्या हातावर फटका मारून दोन परत घेतल्या. मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमी आता घरी जा. कोळनीच्या बाजूला नवरा बसला की गिऱ्हाइकाचं तोंड उघडत नाय."

भिकाजी निमूट उठला. बसथांब्यावर येऊन उभा राहिला, तरी आतून तिचा आवाज येतच होता. पिशवी घेतलेली एक तरुण बाई बाजारातून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून कुणालातरी फोनवर सांगू लागली, "अगं, काय भांडते ती बाई! पन्नास रुपये कमी करायला जीव काढला माझा."

अनोळखी माणसाशी भिकाजी कधी आपण होऊन बोलला नव्हता. आज त्याला राहवलं नाही.

"ती माजी बायको," तो म्हणाला.

बाईने फोन कानापासून खाली घेतला. "अहो काका, मग तुम्ही राहता तरी कसे तिच्याबरोबर?"

भिकाजीने थोडा विचार केला.

"भिऊन," तो म्हणाला, आणि किती महिन्यांनी त्याला हसू आलं.