ओरडणाऱ्या नायिकेचं रेकॉर्डिंग

“ही पोरगी मला बिलकुल नाही आवडत बाप्पा,” असं म्हणून निर्मलाताईंनी हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. कादंबरीचं तिसरं प्रकरण चालू होतं. काचेच्या अलीकडे मी बसलो होतो. बटण दाबून म्हणालो, “आवडायची गरज नाही ताई. वाचायची गरज आहे.”

मी ऑडिओबुकचा डायरेक्टर आहे. नाव मोठं, काम साधं. कलाकार बूथमध्ये बसून पुस्तक वाचतो, मी बाहेर तेच पुस्तक समोर ठेवून ऐकतो. शब्द चुकला, पान फडफडलं, कुणाच्या पोटात गुडगुडलं, की थांबवतो. आमचा स्टुडिओ जयपूरला, विद्याधर नगरात आहे. जयपुरात मराठी पुस्तकं कोण वाचणार, असं लोक मला विचारतात. बदलीवर आलेली आणि इथेच राहिलेली मराठी घरं बरीच आहेत, आणि त्यांत स्वच्छ वाचणारी माणसं आहेत. निर्मलाताई वानखेडे त्यातल्या सगळ्यात चांगल्या. मूळच्या नागपूरच्या, यजमान विमा कंपनीतून रिटायर झालेले, घर तिलक नगरला. बोलताना पक्क्या नागपुरी, पण माइक सुरू झाला की एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

पुस्तक मात्र भिकार होतं. ऑडिओबुकचं ॲप चालवणाऱ्या कंपनीने पाठवलेल्या ईमेलमध्ये त्याला ‘धमाल रोमँटिक कॉमेडी’ म्हटलं होतं. शलाका नावाची पुण्याची वेडिंग प्लॅनर आमेरच्या हॉटेलात एक लग्न लावायला येते आणि हॉटेलच्या मालकाच्या प्रेमात पडते. कथा जयपूरची, म्हणून काम जयपूरला आलं. लेखकाने जयपूर पाहिलेलं नसावं, कारण त्याचा नायक जेवण झाल्यावर आमेरहून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या बिर्ला मंदिरापर्यंत पाय मोकळे करायला जातो. तेही चाललं असतं. पण ती शलाका! वेटरवर ओरडते, स्वतःच्या आईवर ओरडते, नवरीला तोंडावर जाडी म्हणते. दर वेळी लेखक लिहितो की सगळे खो खो हसले. आम्ही दोघं एकदाही हसलो नाही.

पुस्तक अर्ध्यावर आल्यावर मला ताईंच्या आवाजात खरखर ऐकू आली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रोज काम सुरू करण्याआधी कलाकाराला आदल्या दिवसाचं शेवटचं पान ऐकवायचं. आवाज तिथूनच उचलायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. याला आम्ही मॅचिंग म्हणतो. निर्मलाताईंचं मॅचिंग जमेना. हिरवं सफरचंद खायला दिलं, त्याने तोंडातला चिकटपणा जातो. गरम पाणी झालं. सुट्टी देऊन झाली. खरखर तिथेच.

“घरी काय म्हणतात?” मी विचारलं.

“हे म्हणतात, जयपूरची धूळ आहे. गिळताना दुखते म्हणून मी केव्हाची सांगून राहिली होती. मग सांगणंच सोडलं.”

मला रागच आला. मी डॉक्टर नाही, पण ऐकण्यावर माझं पोट चालतं, आणि धुळीचा आवाज मला ओळखता येतो. हा धुळीचा नव्हता. त्याच दिवशी काम बंद करून मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

कॅन्सर निघाला. बराच पसरलेला. आवाजाची पेटीच काढून टाकावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनची तारीखही जवळचीच मिळाली. ताईंकडे आवाज उरला होता तो तेवढ्याच दिवसांचा, आणि अर्धं पुस्तक बाकी होतं.

स्टुडिओचे मालक माथुरजी माणूस म्हणून वाईट नाहीत. पण कंपनी त्यांच्या डोक्यावर बसली होती. ते म्हणाले, “सर जी, दूसरी आवाज़ ढूँढ लीजिए। शुरू से करा लेंगे।”

हे सांगायला मी फोन उचलणार, तर निर्मलाताई स्वतःच हजर. “पुस्तक मीच पूर्ण करते,” त्या म्हणाल्या.

“ताई, हे फालतू पुस्तक आहे. त्याच्यावर कशाला आवाज घालवता? तुमच्या आवडीचं काही वाचा. मी रेकॉर्ड करून देतो. घरच्यांना राहील.”

“नको. घरी मी तोंड उघडलं की सगळे रडून राहिले. इथं तुम्ही फक्त पान नंबर सांगता.” मग म्हणाल्या, “आणि ती शलाका आता बरी वाटून राहिली मला. मी जन्मात कोणावर ओरडली नाही हो. आता तिच्या नावानं ओरडून घेते.”

“डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितली असेल ना?”

“मी विचारलं. ते म्हणाले, आता जपून काय करता.”

मी माथुरजींना सांगितलं की ताईच करतील, आणि काही बिघडलं तर माझ्यावर ढकला.

मग मी कामाचा क्रमच उलटा केला. खराब आवाज हळू बोलताना उघडा पडतो, ओरडताना झाकला जातो. त्यामुळे उरलेलं सगळं शांत वर्णन आधी घेतलं. शेवटच्या प्रकरणातली प्रेमाची कबुलीही आधीच उरकली. शलाकाची भांडणं तेवढी मागे ठेवली. शेवटचे दिवस निर्मलाताई बूथमध्ये उभ्या राहून फक्त भांडत होत्या. चालती हो. अक्कल आहे का. तोंड बंद ठेव. मानेच्या शिरा फुगायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी पान नंबर सांगायचो. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी काचेतून मला हात केला आणि चपला घालून निघून गेल्या.

पुस्तक आलं आणि आपटलं. ‘नायिका डोक्यात जाते’, ‘विनोद शोधावा लागतो’, असं लोकांनी लिहिलं. आवाजाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. आमच्या धंद्यात हे कौतुकच समजतात. कंपनीने काही महिन्यांत ते ॲपवरून काढून टाकलं.

त्यानंतर वानखेडे साहेब स्टुडिओत आले. एकटेच. ताई ठीक होत्या. गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घ्यायच्या, सांगायचं ते मोबाइलवर टाइप करून दाखवायच्या.

“मला कादंबरी नको,” साहेब म्हणाले. “मधे मधे ती तुमच्याशी बोलली असेल. मला फोन लावला असेल. तेवढं द्या. एखादं ‘अहो’ असेल ना कुठे? तिनं मला दुसरी हाक मारलीच नाही कधी.”

मला त्यांना आमची पद्धत सांगावी लागली. कलाकार चुकला की आम्ही थोडं मागे जातो आणि त्याच्यावरच पुन्हा रेकॉर्ड करतो. चूक पुसली जाते. मधली चहा-पाण्याची बोलणीही पुसली जातात. फोन बूथमध्ये चालत नाही. शिल्लक राहतं ते फक्त पुस्तक.

त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. मग मीच शोधायला बसलो. शलाका आईला ‘ए’ म्हणते, नायकाला नावाने हाक मारते, बाकी सगळ्यांना ‘अरे’. मी पुस्तकभर शोधत गेलो. अखेर शेवटाकडे एक ‘अहो’ सापडलं. हॉटेलच्या म्हाताऱ्या मॅनेजरवर ती तडकते, ते ताईंच्या शेवटच्या दिवसांतलं रेकॉर्डिंग. मी साहेबांच्या कानाला हेडफोन लावला.

“अहो! ऐकू येतं का तुम्हाला? कधीची सांगतेय मी!”

साहेब म्हणाले, “परत लावा.” मी परत लावलं. त्यांचा चेहरा बघवेना.

“पुढचं कापून टाकतो,” मी घाईने म्हणालो. “नुसतं ‘अहो’ देतो.”

“नको,” ते म्हणाले. “पूर्ण राहू द्या.”

फाइल त्यांच्या मोबाइलवर टाकली. ते जिना उतरून गेले.

हल्ली आमच्या स्टुडिओत एक दुसरा रेकॉर्डर असतो. कलाकाराला आधी विचारतो, आणि तो हो म्हणाला की दारात चपला काढल्यापासून जाईपर्यंत रेकॉर्डर चालू ठेवतो. माथुरजी म्हणतात, हार्ड डिस्क फुकट भरते. मी म्हणतो, बॅकअप आहे.