ड्राइव्हवेला कुठला लेप

मुरलीधरपंतांसारखा घोळ घालणारा माणूस अख्ख्या ग्लासगोत शोधून सापडला नसता. घरासमोरच्या ड्राइव्हवेला काळा लेप द्यायचा, एवढंच काम. माणसं शनिवारी सकाळी डबा आणतात आणि दुपारच्या चहाआधी फासून मोकळी होतात. पंतांचे तीन उन्हाळे डबा निवडण्यातच गेले होते.

आणि या विषयात त्यांच्याएवढं कळणारं दुसरं कोणी नव्हतं. बहात्तर साली साताऱ्याहून आलेला हा गृहस्थ रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं डांबर तपासत बसला होता. कोळशाच्या डांबराचा लेप पेट्रोलला दाद देत नाही, पण त्याच्या वासानं डोकं उठतं. बिट्युमेनचं, म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या डांबराचं, इमल्शन स्वस्त आणि गुणी, पण गाडीतलं तेल ठिबकलं की मऊ पडतं. ॲक्रिलिक टिकतं, पण त्याला खडखडीत कोरडी जमीन लागते, आणि ती ग्लासगोत म्हणजे उंबराचं फूल. हे पुराण आसावरी, त्यांची मुलगी, दर रविवारी एडिनबराहून फोनवर ऐकून घ्यायची.

खरं दुखणं वेगळंच होतं. पायरीसमोर नीनाबाईंची, त्यांच्या बायकोची, रांगोळी होती. दर दिवाळीत पाऊस नीनाबाईंची रांगोळी तासाभरात धुऊन न्यायचा. चौऱ्याऐंशी साली त्यांनी पदर खोचला आणि खिडक्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटनं थेट डांबरावर कमळ काढलं. संध्याकाळी पंत घरी आले आणि भडकले. ऑइलपेंटनं डांबराची वाट लागते, माझ्या घरी असला अडाणीपणा, असं बरंच बोलले, तेही पाहुण्यांसमोर. नीनाबाई मात्र पुढची अठरा वर्षं दर दिवाळीत त्याच रेघांवरून ब्रश फिरवत राहिल्या. त्या गेल्याला आता चार वर्षं झाली होती. कुठलाही डबा उघडला तरी ते कमळ काळ्याखाली जाणार होतं.

ऑगस्टात आसावरी स्वतःच येऊन थडकली. "बाबा, ही ड्राइव्हवे फ्रॉस्टच्या आधी व्हायलाच पाहिजे. लास्ट वीक पोस्टमन पडता पडता वाचला. तुम्ही डिसाइड नाही केलं तर मी कोणाला तरी बोलावते."

आता पळवाट उरली नव्हती. आधी जमीन तपासू म्हणून पंत गुडघ्यांखाली उशी घेऊन फाटकापाशी बसले आणि स्क्रूड्रायव्हरनं टोचत पायरीकडे सरकू लागले. सगळीकडे डांबर करडं पडून भुगा झालं होतं, खडी हातात येत होती. ते कमळापाशी पोहोचले आणि पाकळीच्या रेघेवर टोचलं. टोक आत शिरेना. त्यांनी नखानं रंगाची एक खपली काढली. खाली काळंभोर, टणक डांबर होतं. ऊन, पाणी, बर्फ, सगळं त्या रंगाच्या थरांनी वरच्या वर अडवलं होतं.

पंतांना स्वतःची लाज वाटली. एकतीस वर्षं जगाचे रस्ते तपासले, आणि दाराशी कधी वाकून पाहिलं नाही. नीनाबाईंची इतकी आठवण आली, की उठवेना.

आसावरी चहा घेऊन बाहेर आली. काही ठरलं का, तिनं विचारलं.

"ठरलं. सगळीकडे इमल्शन. इथे ऑइलपेंट."

"पण तो डांबरावर चालत नाही म्हणायचात ना तुम्ही?"

"चालतो," पंत म्हणाले. "तुझ्या आईला तेवढं सांगायचं राहिलं."